मजुरी कुठे लिहायची?

हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या पटांगणात बाजार भरतो. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे बालबाजार. चौथीतली मुलगी पोतं अंथरून मेथीच्या जुड्या मांडते, सातवीतली मुलं भेळ कालवतात, कुणी उकडलेली अंडी आणतो तर कुणी घरच्या शेतातली वांगी. सरपंच येतात, आयाबाया येतात, भाव पाडून मागतात आणि मुलंही सहजासहजी हटत नाहीत. दुपारपर्यंत गल्ला मोजून होतो, सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या गटासाठी टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि व्यवहारज्ञानाचा उपक्रम पार पडतो.

उपक्रम चांगलाच आहे. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतात, सुटे पैसे परत देताना तोंडी वजाबाकी करतात. पण खरा धडा गल्ला मोजून झाल्यावर सुरू व्हायला हवा, आणि पुष्कळदा तो सुरूच होत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, पाच मित्रांनी वडापावचा स्टॉल लावला. चाळीस वडापाव, प्रत्येकी १५ रुपये. गल्ला ६०० रुपये. पाव, बटाटे आणि मिरच्या विकत आणल्या २६० रुपयांच्या. म्हणजे नफा ३४०, माणशी ६८ रुपये. मुलं खूश. आता एखाद्या शिक्षिकेने विचारलं की तेल आणि बेसन कुठून आलं, तर उत्तर येतं, ‘घरचंच होतं.’ त्याचे धरा १२० रुपये. गॅस? धरा ४०. राहिले १८०. मग ती विचारते, पहाटे उठून वडे कुणी तळले? दोघांच्या आयांनी, तीन-तीन तास. तासाला ५० रुपये धरले तरी त्या सहा तासांचे ३०० रुपये होतात. ३४० रुपयांचा नफा आता १२० रुपयांचा तोटा झाला. वडा २० रुपयांना विकला असता तर गल्ला ८०० झाला असता आणि सगळा खर्च वजा जाऊन ८० रुपये हाती राहिले असते. पण २० रुपयांना चाळीसच्या चाळीस वडे खपले असते का? हा प्रश्न जिथे पडतो, तिथे व्यवसायाचं शिक्षण सुरू होतं.

त्या हिशेबात सर्वांत उशिरा आलेली ओळ कोणती होती? आईची मजुरी. घरच्या माणसाचे कष्ट फुकट धरायची सवय आपल्या शेतीत आहे, किराणा दुकानात आहे, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईच्या धंद्यातही आहे. मोठमोठ्या उद्योगपतींची चरित्रं सांगून ती सुटत नाही. मुलाला स्वतःच्या हाताने खर्चाचा तक्ता भरायला बसवलं तर सुटू शकते. हे काम महाराष्ट्रात एका ठिकाणी चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललं आहे.

ते ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं पाबळ. इतिहासाची आवड असणाऱ्यांना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. शिक्षणात रस असणाऱ्यांना ते माहीत असायला हवं विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर पत्नी मीराताईंसह या कमी पावसाच्या गावात राहायला आला. हाताने काम करता करता शिकणं हीच माणसाची शिकण्याची स्वाभाविक पद्धत आहे आणि शाळेत नापास झालेला मुलगा या पद्धतीने उत्तम शिकू शकतो, ही त्यांची धारणा होती. आश्रमाच्या निवासी अभ्यासक्रमाला जी मुलं आली, त्यांतली कित्येक शाळा सोडलेली होती. ती वेल्डिंग शिकली, वीजजोडणी शिकली, त्यांनी कोंबड्या पाळल्या, घुमटाकार घरं बांधली. जमिनीचा विद्युतरोध मोजून विहीर कुठे खणावी याचा अंदाज देण्याचं कामही त्यांनी केलं. ज्याला बीजगणिताच्या पेपरात भोपळा मिळाला होता, तो शेतकऱ्याच्या रानात उपकरण लावून आकडे टिपू लागला आणि त्या कामाचे पैसे घेऊ लागला.

या अनुभवातून शाळांसाठी एक कार्यक्रम तयार झाला, ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. शिक्षकांच्या आणि मुलांच्या तोंडी तो इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘आयबीटी’ म्हणूनच रुळला आहे. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तो आहे आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची या विषयाला मान्यता आहे. आठवड्यातला साधारण एक दिवस मुलं शेड, शेत आणि स्वयंपाकघर यांत घालवतात. चार विभाग असतात: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवायला शक्यतो गावातलाच कारागीर असतो, ज्याचं स्वतःचं पोट त्या कौशल्यावर चालतं. गवंडीकाम ज्याने पुस्तकात वाचलं आहे तो वेगळा आणि ओळंबा लावून भिंत उभी करणारा वेगळा, हे मुलांना लगेच कळतं.

मात्र या कार्यक्रमाचा गाभा कौशल्यात नाही. मुलांनी शिकलेलं काम गावासाठी करायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हे त्याचं खरं वैशिष्ट्य. शाळा गावाचं छोटं सेवाकेंद्र बनते. कुणाच्या शेतातली माती तपासायची असते, कुणाच्या घरी अर्थिंग करायचं असतं, कुठे शोषखड्डा हवा असतो, कुठे खिडकीला जाळी. मुली हिमोग्लोबिन तपासायला शिकतात, चिक्की बनवतात. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या शेवटी खर्च काढावा लागतो. वहीत आकृती असते, कृती असते आणि त्याखाली साहित्याचा तक्ता: माल, नग, दर, रक्कम. त्या तक्त्याखाली मजुरीची ओळ येते.

लोखंडी स्टूल घेऊ. अँगल किती फूट लागला ते मुलं मोजतात. पण दुकानदार पूर्ण लांबीचा अँगल देतो, कापून उरलेला तुकडा कुणाच्या खात्यावर टाकायचा? वेल्डिंगचे रॉड किती जळले? रंग अर्धा डबा उरला, मग अर्ध्याचेच पैसे धरायचे का? मशीनला वीज लागली, ती मीटरवर कशी वाचायची? आणि ते मशीन कधीतरी झिजून बंद पडणार, नवं घ्यायला पैसे कुठून येणार? वाणिज्य शाखेतली मुलं घसाऱ्याची व्याख्या पाठ करतात. शेडमधल्या मुलाला घसारा डोळ्यांनी दिसतो, कारण ग्राइंडरची चकती त्याच्या हातात झिजलेली असते. मग तयार स्टूलची किंमत बाजारातल्या प्लास्टिकच्या स्टूलपेक्षा जास्त निघते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. आता काय करायचं? रंगाचा एक हात कमी द्यायचा, की गिऱ्हाइकाला टिकाऊपणा पटवून द्यायचा? दोन्ही उत्तरांची किंमत असते. तिथे पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर छापलेलं नसतं.

आणि गिऱ्हाईक खरं असतं. त्याच्या दाराला जाळी बसली नाही तर तो गुणपत्रकात दोन गुण कमी देऊन थांबत नाही, तो जाळी परत पाठवतो.

ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत नवी नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. मुलांनी बनवलेल्या मालातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकांचा पगार तरी निघावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यावर तेव्हाही वाद झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजनेचा आराखडा करताना एक धोका स्पष्ट नोंदवला: पैशाच्या बाजूला अवास्तव महत्त्व आलं तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिकणं बाजूला पडेल. हा इशारा आजही प्रत्येक मुख्याध्यापकाने ध्यानात ठेवावा असा आहे. दिवसभरात पन्नास पणत्या रंगवणारा वर्ग शिकतो आहेच असं नाही. पहिल्या पाच पणत्यांत शिकणं होऊन गेलं, उरलेल्या पंचेचाळीस नुसत्या राबण्याच्या असू शकतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, स्वतःचं अन्न स्वतः शिजवू लागली, शेतात राबू लागली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द त्यातून महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. त्या योजनेने ज्यांच्या घरात फीचे पैसे नव्हते अशा पिढ्यांना पदवीपर्यंत नेलं. तिचं मोल शब्दांत मावणारं नाही. तरीही एक फरक सांगायला हवा. तिथल्या कमाईचा हेतू शिक्षणाचा खर्च भागवणं हा होता. पाबळच्या पद्धतीत कमावण्याची क्रिया हाच अभ्यासाचा विषय आहे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

योगायोग असा की त्याच १९१९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ ही संस्था उभी राहिली. शेतीवरची मुलं शहरांकडे येऊ लागली होती आणि कारखान्यांच्या जगाची त्यांना ओळख नव्हती. त्या संस्थेचे विद्यार्थी छोटी कंपनी काढतात, ओळखीच्यांना शेअर विकून भांडवल उभं करतात, अध्यक्ष आणि खजिनदार निवडतात, वस्तू बनवून विकतात. वर्ष संपताना कंपनी बंद करतात: माल निकालात काढायचा, देणी भागवायची, जे उरेल ते भागधारकांना वाटायचं. हा बंद करण्याचा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे दुकानाच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, पण धंदा थांबवायची वेळ आली तर देणेकऱ्यांचं काय करायचं हे कुणी कुणाला शिकवत नाही. माणसं लाजेने वर्षानुवर्षं तोट्यातलं शटर उघडत राहतात आणि कर्ज वाढत जातं. शेजारच्या काकूंकडून दहा रुपये भांडवल घेतलेल्या मुलाला वर्षअखेरीस त्यांना ‘काकू, दहातले सातच उरले आणि ते असे गेले’ असं कागद दाखवून सांगावं लागलं, तर तो हिशेबाची इभ्रत शिकेल.

अलीकडचा मोठा प्रयोग दिल्लीचा. तिथल्या सरकारी शाळांत २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ उपक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २००० रुपये बीजभांडवल देण्यात आलं. मुलांनी गट केले, कल्पना मांडल्या, काहींना दूरचित्रवाणीवर गुंतवणूकदारांपुढे उभं राहता आलं. सार्वजनिक पैसा गरीब घरातल्या मुलाच्या हातात विश्वासाने ठेवणं ही मोठी गोष्ट आहे. पण पडद्यावर चमकायची संधी मिळणारे गट थोडे. ज्या गटाचे पैसे बुडाले, त्याने ते कसे बुडाले हे लिहून वर्गात वाचलं का, यावर अशा उपक्रमाची खरी परीक्षा व्हायला हवी.

आपल्या शाळांना यासाठी मोठा निधी लागेलच असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं, अशी सूचना आहे. हे दहा दिवस सहलीत घालवू नयेत. गावातलं दूध संकलन केंद्रच घ्या. सकाळी सहाला मुलांना तिथे उभं करावं. दुधाचा नमुना घेऊन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) मोजताना त्यांनी बघावं. भिंतीवरच्या दरपत्रकात फॅट थोडा खाली आला की लिटरमागे किती रुपये कमी होतात ते शोधावं. मग स्वतःच्या घरचं दहा दिवसांचं दूधबिल आणावं आणि त्यातून पशुखाद्याची कपात वजा करावी. वैरण घरची असेल तर ती बाजारात विकली असती तर किती आले असते, ते विचारावं. धार काढणाऱ्या आजीचा रोजचा वेळ तासांत लिहावा. गाईच्या कर्जाचा हप्ता आणि भाकड काळातला खर्चही त्याच कागदावर यावा. एवढं झाल्यावर एक लिटर दूध घराला कितीला पडलं आणि केंद्राने त्याचे किती दिले, हे दोन आकडे मुलांनी शेजारी शेजारी मांडावेत. आणि केंद्राच्या सचिवांना वर्गात बोलावून विचारावं की हा दर कोण ठरवतं, शहरातल्या पिशवीवरच्या किमतीपर्यंत पोहोचताना मधे कोणकोणते खर्च चढतात, आणि उन्हाळ्यात दूध कमी झालं की त्यांच्या केंद्राचं कसं भागतं.