फाटकापासून दारापर्यंत



आज आपण शहरातल्या मोठ्या इमारतींविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हांला काय त्याचं? आमचं घर कौलारू." खरे आहे. पण आपल्या गावचे किती तरुण पुण्या-मुंबईला आहेत, ते मोजून पाहा. कोणी फ्लॅट घेतला आहे. कोणी भाड्याने राहतो. कोणी तिथे गवंडीकाम करतो. आणि कितीतरी जण अशाच इमारतींच्या फाटकावर वॉचमन आहेत. आता तर आपल्या तालुक्याच्या रस्त्यालाही चार-चार मजली इमारती उठू लागल्या आहेत. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

आधी घडलेली हकिकत सांगतो.

सन 2019 च्या पावसाळ्यात आम्ही मुलीकडे राहायला गेलो होतो. पुण्याजवळ तिची सोसायटी आहे. एका आवारात नऊ इमारती, भोवती उंच भिंत, भिंतीला तीन फाटके. मुलगी सातव्या मजल्यावर राहते. एका रात्री दोनच्या सुमाराला आमचे व्याही उठून बसले. छातीत कळ आली होती. अंगाला दरदरून घाम सुटला होता. जावयांनी लगेच 108 ला फोन लावला. गाडीही लवकर आली. फाटकाबाहेर तिचा दिवा फिरताना आम्हांला खिडकीतून दिसला. जीव भांड्यात पडला.

पण गाडी आली होती ती मागच्या फाटकाशी. त्या फाटकाला रात्री कुलूप असते आणि किल्ली पुढच्या फाटकावर असते. गाडी वळसा घालून पुढे आली. तिथला वॉचमन पोरगा नवा होता. वहीत नोंद झाल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही, असा त्याला हुकूम होता. त्याने वही काढली. मग आमच्या घरी फोन लावला. तो लागेना, कारण आम्ही दुसऱ्या फोनवर बोलत होतो. शेवटी गाडी आत आली, तर इमारत सापडेना. इमारतींना ए, बी, सी अशी नावे होती. पण बिल्डरने जशी सवड मिळाली तशा त्या बांधल्या. त्यामुळे सी च्या शेजारी एफ, आणि डी पार बागेपलीकडे. अक्षरे दाराच्या वर छोटी छोटी लिहिलेली, त्यांवर वेल चढलेला. विचारावे तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. गाडीला मागे सरत यावे लागले. वर आल्यावर कळले की लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नाही. मग व्याह्यांना खुर्चीत बसवून खाली नेले.

आम्ही घड्याळ पाहत होतो. फाटकाबाहेर दिवा दिसल्यापासून माणसे दारात यायला सतरा मिनिटे लागली. व्याही वाटेतच गेले. ती सतरा मिनिटे हाती असती, तर ते वाचले असते का? डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. विहीणबाई अजून तेच विचारतात.

यात आमचीही चूक होती. आम्ही छत्तीस वर्षे शाळेत काढली. आग लागली तर कोणत्या वर्गाने कोणत्या दाराने बाहेर पडायचे, हे मुलांकडून घोकून घेतले. आणि त्या रात्री घरात चार धडधाकट माणसे असताना, एकाने खाली जाऊन फाटकावर उभे राहावे, हे कोणालाही सुचले नाही. सगळे व्याह्यांभोवती गोळा!

त्या पोराचा मात्र आम्हांला राग आला नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले. रुग्णाची गाडी, आगीचा बंब आणि पोलीस यांना वही दाखवायची नाही, आधी फाटक उघडायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तुमचा मुलगा किंवा भाऊ अशा कामावर असेल, तर त्याला हे जरूर विचारा.

आता नकाशाकडे वळू. या गोष्टी इमारत उभी राहिल्यावर आठवून उपयोग नाही. त्या कागदावर आधी याव्या लागतात. उंच इमारतीभोवती बंबाला फिरायला 6 मीटर रुंद मोकळा रस्ता लागतो. म्हणजे सुमारे वीस फूट. तोही नुसता रुंद असून चालत नाही. भरलेला बंब फार जड असतो. म्हणून 45 टनांपर्यंतचे वजन पेलेल अशी जमीन हवी, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी खाली तळघरात मोटारी असतात आणि वर हिरवळ असते. दिसायला छान. पण खालचा स्लॅब तेवढा मजबूत नसेल, तर बंब त्यावर नेता येत नाही. फाटकावरची कमान बुटकी असली, तर बंब बाहेरच अडतो.

24 मीटरांहून उंच इमारतीत एक मोकळी जागा राखावी लागते. आग लागली की वरच्या माणसांनी तिथे येऊन थांबायचे असते. बंबाची माणसे त्यांना तिथून सोडवतात. आम्ही अशा जागेत कुंड्या, सायकली, मोडके पलंग पाहिले आहेत. महाराष्ट्रात यासाठी 2006 सालचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. आगीची साधने चालू आहेत, असा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलै या महिन्यांत द्यावा लागतो. फ्लॅट घेताना आपण फरशी पाहतो, नळ पाहतो. तो दाखलाही मागून पाहावा.

पोलिसांचे काम आणखी अवघड. चोर शिरला किंवा एखाद्या घरात मारहाण चालू झाली, आणि 112 ला फोन गेला. पोलीस येतात. पण जिने किती, मागचे दार कुठे, कोणता बोळ कुठे निघतो, हे त्यांना ठाऊक नसते. चोराने मात्र ते आधीच पाहून ठेवलेले असते! म्हणून आवाराचा नकाशा फाटकावर लावावा आणि एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी.

यावर अमेरिकेतल्या ऑस्कर न्यूमन नावाच्या वास्तुकाराने 1972 साली पुस्तक लिहिले. तिथे सेंट लुई शहरात गरिबांसाठी 11 मजली 33 इमारती बांधल्या होत्या. लांबच लांब बोळ, सगळ्यांचे जिने, सगळ्यांच्या लिफ्ट. सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही. कोण आला, कोण गेला, पाहायला कोणी नाही. गुन्हे इतके वाढले की लोक घरे सोडून गेले. 1972 पासून त्या इमारती पाडायला सुरुवात झाली. रस्त्यापलीकडेच तशाच गरीब लोकांची बैठी घरे होती. तिथे माणसे सुखाने नांदत होती. न्यूमनचे म्हणणे असे, की खिडक्या आणि दारे वाटेकडे हवीत, म्हणजे येणारा-जाणारा दिसतो. आपल्याकडे परका माणूस आला की पारावरून हाक येते, "कोणाकडं पाव्हणं?" आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. तिकडे ते नकाशात बसवावे लागते.

मुलीच्या सोसायटीने पुढे सुधारणा केली. अक्षरे आता माणसाएवढी मोठी काढली आहेत. रात्री त्यांवर दिवा असतो. मागच्या फाटकाची किल्ली मागच्याच चौकीत असते. फाटकावरचा नकाशा काढायचे काम आमच्याकडे आले. भूगोलाच्या तासाला काढायचो तसाच तो काढला, उत्तर दिशा वर धरून. लिफ्ट मात्र तेवढीच आहे. ती आता मोठी कशी करणार? ते नकाशातच राहून गेले.

आता आपल्या गावाचे पाहू. परवा आम्ही वरच्या आळीतून चक्कर मारली. चौदा घरांवरचे नंबर चुन्याखाली गेलेले दिसले. देवळामागच्या बोळात दोन बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर कायमचा उभा असतो. त्या बोळाच्या टोकाला सात घरे आहेत आणि तीन गंजी आहेत. आज वर्ग सुटल्यावर घरी जाताना आपापल्या दारावरचा आकडा वाचा. तो नीट वाचता आला नाही, तर उद्या येताना वाटीभर रंग घेऊन या. ब्रश आमच्याकडे आहे.