जाणाऱ्याने करावयाचे स्वागत

(द्वितीय सत्राच्या आरंभी मुख्याध्यापकांपुढे दिलेल्या भाषणाची संहिता)



दिवाळीची सुटी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू होते, त्या दिवशी मुख्याध्यापकाने मुलांचे व सहकाऱ्यांचे स्वागत करावे, असा शिरस्ता आहे. परंतु वयोमानानुसार त्याच महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त व्हावयाचे आहे, अशा मुख्याध्यापकाच्या वाट्याला हे कर्तव्य येते, तेव्हा त्याची स्थिती मोठी विलक्षण होते. ज्या सत्राचा शेवट तो पाहणार नाही, त्याचा आरंभ त्याला करावयाचा असतो.

अशा प्रसंगी दोन प्रकारची वागणूक दृष्टीस पडते. कोणी स्वागताच्या भाषणाचे निरोपाचे भाषण करतो. आपण शाळेत कधी आलो, कोणत्या खोल्या बांधल्या, किती कष्ट उपसले, याचाच पाढा तो वाचतो आणि मुले ताटकळत बसतात. दुसरा कोणी, आपले आता काय राहिले, येणारा पाहून घेईल, असे म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वीच मनाने शाळा सोडतो. पहिल्याला स्वतःचा विसर पडत नाही व दुसऱ्याला शाळेचा पडतो. दोहोंचा परिणाम मात्र एकच होतो : नव्या सत्राकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.

या संदर्भात बीड जिल्ह्याच्याच इतिहासातील एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यापूर्वी ते मुख्याध्यापक होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत काम करून १९३५ मध्ये ते अंबाजोगाईस आले. या गावाचे तेव्हाचे सरकारी नाव मोमिनाबाद. तेथील योगेश्वरी शिक्षण संस्था १९१७ पासून कार्य करीत होती. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि राष्ट्रीय वृत्तीच्या खासगी शाळांकडे सरकार संशयाने पाही. अशा काळात स्वामीजींनी येथे विद्यादानाचे काम केले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, सत्याग्रह सुरू झाला, आणि स्वामीजी शाळा सोडून त्या लढ्यात उतरले व तुरुंगात गेले.

अंबाजोगाईतील त्यांचा हा काळ अवघा तीन वर्षांचा. परंतु ते गेले म्हणून शाळा बंद पडली नाही. संस्था त्यांच्या आधी होती आणि त्यांच्या नंतरही चालू राहिली. एवढा थोर शिक्षक निघून गेल्यावरही वर्ग भरत राहतात, यात त्या शिक्षकाचे उणेपण नसून त्याच्या कार्याचे यश असते.

योगायोग असा की, याच वर्षांत मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९३५ मध्ये त्यांनी ते स्वीकारले व १९३८ मध्ये सोडले. पद सुटले, पण शिक्षणाचे कार्य सुटले नाही. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाड्यातील कित्येक खेड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे उघडले.

ही उदाहरणे फार थोरांची झाली. खेड्यातील प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला त्यांपासून काय घेता येईल, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या परिस्थितीतच आहे.

इतरत्र दुसरे सत्र म्हणजे मुलांचे परत येणे. बीड जिल्ह्यात मात्र ते अनेक मुलांचे निघून जाणे असते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होण्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पतिपत्नी मिळून एक कोयता, आणि त्यांच्याबरोबर लहान लेकरे. सत्राच्या पहिल्या दिवशी वर्गातील जागा रिकाम्या दिसतात, त्या यामुळे. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून दुसऱ्या शाळेला त्यांचा प्रवेश नाकारता येत नाही. परंतु कोणते मूल कोठे गेले, हे कोणाला तरी ठाऊक असेल, तरच या तरतुदी त्या मुलापर्यंत पोहोचतात.

आणि हे बहुधा जुन्या मुख्याध्यापकालाच ठाऊक असते. कोणत्या टोळीबरोबर कोण गेले, कोणती आजी नातवंडांना गावी ठेवून घेण्यास राजी आहे, कोणत्या मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी नेले आहे, कोणत्या बापाला दोन शब्द सांगितले तर तो ऐकेल, हे सारे त्याच्या स्मरणात साठलेले असते. कार्यभार देताना जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तूंची नोंदवही, पोषण आहाराचा शिल्लक साठा यांची यादी होते, तिच्यावर दोघांच्या सह्या होतात. खुर्च्या मोजल्या जातात, घंटाही मोजली जाते. परंतु मुलांविषयीचे हे ज्ञान कोणत्याच यादीत येत नाही. ते निवृत्त होणाऱ्याबरोबर घरी जाते, आणि हंगाम संपून टोळ्या परततात, तेव्हा नव्या मुख्याध्यापकाला त्या मुलांची चेहरेपट्टीही ओळखता येत नाही. सहा महिने शाळेपासून तुटलेले मूल परत आले आणि त्याला नावाने हाक मारणारे कोणी भेटले नाही, तर ते पुन्हा शाळेत येईल, याची शाश्वती काय?

म्हणून जाणाऱ्या मुख्याध्यापकाने स्वागताच्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वर्गात उपस्थित असलेल्या मुलांबरोबरच अनुपस्थित मुलांचीही नावे घ्यावीत. ती या शाळेचीच आहेत, हे सर्वांसमक्ष सांगावे. दुसरी, ज्याच्याकडे कार्यभार जावयाचा, त्याला त्याच दिवशी ग्रामस्थांपुढे व शाळा व्यवस्थापन समितीपुढे उभे करावे आणि पालकांचा आपल्यावरील विश्वास आपल्या मुखाने त्याच्या स्वाधीन करावा. विश्वास आदेशाने बदली होत नाही. तो ज्याच्यापाशी असतो, त्यानेच द्यावा लागतो. तिसरी, निवृत्तीपूर्वीच्या दिवसांत प्रत्येक स्थलांतरित मुलामागे एक पान लिहावे. मूल कोणाबरोबर व कोठे गेले, गावी त्याचे कोण आहे, त्याचे वाचन व गणित कोठपर्यंत आले आहे, एवढे त्या पानावर असले, म्हणजे पुरे. हे पान कार्यभाराच्या यादीला जोडावे आणि त्यावरही दोघांच्या सह्या व्हाव्यात.

यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. काही संध्याकाळी आणि एक वही लागते.

सत्कार, शाल, श्रीफळ ही यथाकाल होतीलच, व व्हावीतही. अनेक वर्षांच्या सेवेचा तो मान आहे. परंतु त्या समारंभापूर्वी ती वही लिहून झालेली असावी. हंगाम सरल्यावर एखादी मुलगी फडावरून परत येईल, दारात संकोचाने उभी राहील आणि कधीही न पाहिलेला मुख्याध्यापक तिला तिच्या नावाने आत बोलावील. जाणाऱ्याने केलेले स्वागत त्या दिवशी तिच्यापर्यंत पोहोचलेले असेल.