मच्छिमाराची होडी : अॅल्युमिनियमची कीं काचतंतूची?

सकाळच्या बाजारांतून आलेला बांगडा स्वयंपाकघरांत पोहोंचतो, तेव्हां त्याच्या भावाची चर्चा घरोघर होते. परंतु तो ज्या होडींतून किनाऱ्याला लागला ती होडी कशाची केलेली होती, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. मच्छिमाराच्या घरीं मात्र हा प्रश्न पहिला असतो. पंचवीस-तीस फुटांच्या त्या होडीवर त्याचा संसार चालतो. तिच्यासाठींच तो कर्ज काढतो. आणि नारळी पौर्णिमा होतांच, समुद्र पुरता निवळला नसला तरी, तिच्याच भरंवशावर तो बाहेर पडतो.

पिढ्यान्‌पिढ्या ही होडी लांकडाची होती. आतां चांगलें लांकूड महाग झालें आहे. त्याला वरचेवर तेलपाणी करावें लागतें, आणि लांकूड पोखरणारे समुद्रांतील जीव आपलें काम थांबवीत नाहींत. म्हणून लांकूड सोडूं पाहणाऱ्यापुढें दोन पदार्थ येतात : एक अॅल्युमिनियम व दुसरा काचतंतु, ज्याला किनाऱ्यावर नुसतें ‘फायबर’ म्हणतात.

अॅल्युमिनियम घरांतल्या पातेल्यामुळें सर्वांच्या ओळखीचें आहे. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल यानें व फ्रान्सांत एरू यानें विजेच्या साह्यानें तें मिळविण्याची युक्ति शोधून काढली, आणि एके काळीं सोन्याचांदीच्या पंक्तीस बसणारी ही धातु स्वस्त झाली. ती लोखंडाच्या सुमारें एक-तृतीयांश वजनाची आहे. शुद्ध स्थितींत ती मऊ असते. म्हणून होडीसाठीं तिच्यांत शेंकडा चार-पांच भाग मॅग्नेशियम मिसळतात. हवा लागतांच तिच्यावर अत्यंत पातळ असा गंज चढतो, व तोच पुढें तिचें चिलखत होतो. यामुळें असल्या मिश्रधातूला खाऱ्या पाण्यांत रंगावांचूनहि ठेवतां येतें.

काचतंतूची कुळकथा त्याहून अलीकडची आहे. वितळलेल्या काचेचे केंसाहूनहि बारीक धागे १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर निघूं लागले, आणि पुढील दशकांत त्यांच्या लहान होड्या झाल्या. सांच्यावर धाग्यांचें कापड पसरावें, त्यावर रासायनिक राळ चोपडावी, पुन्हां कापड, पुन्हां राळ. असे थर वाळून एकजीव झाले कीं अखंड, बिनसांध्याची होडी तयार होते. एका सांच्यांतून अनेक होड्या काढतां येतात, म्हणून ती स्वस्त पडते.

दोहोंचे गुणदोष आघाताच्या वेळीं दिसतात. खडकावर आपटलें असतां अॅल्युमिनियम बहुधा पोंचतें, पण फुटत नाहीं. काचतंतूची होडी वांकण्यापेक्षां तडकते. उलट, दुरुस्तीच्या वेळीं पारडें फिरतें. काचतंतूची भेग तासून, वाळवून, तिच्यावर कापड व राळ यांचें ठिगळ किनाऱ्यावरच बसवितां येतें. अॅल्युमिनियमच्या जोडकामाला आर्गॉन वायु, वीज आणि सरावलेला हात लागतो. ही सामग्री लहान बंदरांत सहजासहजीं मिळत नाहीं.

अॅल्युमिनियमचा एक वैरी घरांतलाच आहे, तो म्हणजे तांबें. खाऱ्या पाण्यांत या दोन धातूंचा स्पर्श झाला, कीं आपोआप विजेची घटमाला तयार होते आणि तींत अॅल्युमिनियम झिजत जातें. होडीच्या बुडाशीं सांचलेल्या पाण्यांत पडून राहिलेला तांब्याचा पैसा कालांतरानें तळाला भोंक पाडूं शकतो! शेवाळ व शिंपले चिकटूं नयेत म्हणून इतर होड्यांना लावतात तो तांबेयुक्त रंगहि येथें वर्ज्य होय. पितळेची नळी, विजेची सैल तार, यांवर सदैव नजर ठेवावी लागते.

काचतंतूचा दोष याहून गुप्त असतो. थर बसवितांना हवा कोंडली, राळ कमी पडली किंवा थर चोरले, तरी वरचा चकचकीत लेप सर्व कांहीं झांकून टाकतो. पुढें पाणी आंत शिरतें, फोड येतात, आणि भर लाटेंत होडीचा कमकुवतपणा उघड होतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर काचतंतूच्या हजारों होड्या अल्पावधींत बांधून वांटण्यांत आल्या. मदतीचा हेतु उदात्त होता. तथापि घाईनें बांधलेल्या कित्येक होड्यांचें काम हलकें निघालें. होडी देणाऱ्याचें दान तेथेंच संपलें, पण तिच्यांत बसणाऱ्याची परीक्षा पुढें चालू राहिली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लांकूड स्वभावतःच तरतें. यंत्राचें ओझें फार नसेल, तर पाण्यानें भरलेली लांकडी होडीहि माणसाला धरून राहण्यापुरता आधार देते. अॅल्युमिनियम पाण्याच्या २·७ पट जड आहे, आणि काचतंतूचा पत्राहि पाण्याहून जडच असतो. म्हणजे पाणी भरलें कीं दोन्ही होड्या तळ गांठणार. यावर उपाय एकच : होडींत बंद कप्पे करून त्यांत न भिजणारा फेस भरणें. असे कप्पे घेतांना त्यांतली जागा माशांसाठीं हवी असें वाटतें. परंतु वादळाच्या दिवशीं तीच जागा माणसें परत आणते.

बर्फाचाहि विचार करावा लागतो. अॅल्युमिनियममधून उष्णता लवकर वाहते. उन्हांत तापलेल्या होडींत बर्फ झपाट्यानें विरघळतो व मासा उतरतो. म्हणून तिच्या पेटाऱ्याला आंतून जाड अस्तर द्यावें लागतें. काचतंतु या बाबतींत बरा. आयुष्याच्या अखेरीस मात्र तो निरुपयोगी ठरतो. त्याला वितळवून पुन्हां होडी करतां येत नाहीं, आणि त्याचे सांगाडे किनाऱ्यावर पडून राहतात. अॅल्युमिनियमची मोड विकली जाते, आणि खनिजापासून नवी धातु काढण्यास जेवढी शक्ति लागते, तिच्या सुमारें विसाव्या हिश्शांत ती पुन्हां वापरांत येते.

मग निवड कशी करावी? अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरांत सामन पकडणाऱ्यांनीं अॅल्युमिनियमला जवळ केलें आहे. तेथें जोडकाम करणारे कारागीर आहेत आणि धातूचें मोल देण्याची ऐपतहि आहे. मालवणच्या गाबिताची किंवा वर्सोव्याच्या कोळ्याची स्थिति निराळी. दुरुस्ती गांवांतच व्हावी आणि कर्ज लवकर फिटावें, ही त्याची गरज असल्यामुळें, काचतंतु त्याला अधिक सोईचा आहे. मात्र होडी तयार झाल्यावर ती पाहण्यापेक्षां ती होत असतां पाहावी, थर मोजून घ्यावेत, आणि तरंगत्या कप्प्यांच्या बाबतींत तडजोड करूं नये. जेथें तळाशीं खडक फार आहेत आणि जोडकाम जवळ मिळतें, तेथें अॅल्युमिनियमचा जास्तीचा खर्च कालांतरानें भरून येतो.

पदार्थ कोणताहि असो, त्याचा मोठेपणा दुकानांतल्या भावावरून ठरत नाहीं. संध्याकाळीं किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसांना त्यांचा माणूस परत मिळाला, म्हणजे ती निवड बरोबर ठरली.