गावाचे कुत्रे घरचे करताना



शेगावहून संग्रामपूरकडे निघालात की वाटेत वरवट बकाल लागते. तिथे बाजाराच्या दिवशी भज्यांच्या गाडीपाशी बसलेल्या कुत्र्याकडे बोट करून विचारा, "हे कुत्रं कोनाचं हाय?" उत्तर ठरलेले. "कोनाचं? गावाचं हाय!" वऱ्हाडात कुठेही गेलात तरी हेच ऐकाल. गावाचे म्हटल्यावर त्याला भाकरतुकडा मिळतो, हे खरे. पण लस टोचायला नेणारा कुणी नसतो.

मुंबई-पुण्याकडे बेवारशी प्राण्यांसाठी आश्रयस्थाने आहेत. तिथून लोक कुत्रे-मांजर दत्तक घेतात. दत्तक हा शब्द जरा भारी वाटेल, पण अर्थ साधा आहे : आजपासून याचे खाणेपिणे, औषधपाणी माझ्याकडे. आपल्या खेड्यात आश्रयस्थान नसेना का, पिल्ले काय कमी आहेत? कुटाराच्या ढिगाआड दरसाल होतातच. मग हजारो रुपये मोजून केसाळ विलायती कुत्रे कशाला आणायचे? मे महिन्यातले आपले ऊन त्याला सोसत नाही. गावठी कुत्रे याच उन्हात वाढलेले.

मात्र पिल्लू दोन महिन्यांचे होईतो आईपासून तोडू नका. तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस द्या. पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. शिळी भाकर ताकात कुस्करून चालेल, जोडीला कधी वरण, कधी अंडे. कांद्याची भाजी मात्र घालू नका. कांद्याने कुत्र्याचे रक्त बिघडते.

मादी पिल्लू कुणी घेत नाही. "तिच्या पिल्लांचं कोन पाहीन?" म्हणतात. त्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया आहे. मोकाट कुत्र्यांबाबत २०२३ च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले आहे, आणि त्यात पंचायतीही आल्या. तेव्हा ग्रामसभेत हा विषय जरूर काढा. चार घरांनी चार पिल्ले घेतली तरी बाकीची उरतातच ना!

गुरुजी, आता तुमच्यासाठी. पिल्लाशी खेळताना ओरखडा उठला तर मूल मार खाण्याच्या भीतीने घरी सांगत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे लपवणे फार महागात पडते. वर्गात सांगून ठेवा : कुत्रे चावले वा ओरबाडले, की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिखट, चुना, हळद काही भरायचे नाही. कुत्रे घरचे असले तरी हेच करायचे.

संग्रामपूर तालुक्यातच अंबाबरवा अभयारण्य आहे. जंगलाकडेच्या गावांनी कुत्रे रात्री आवारात घ्यावे. बिबट्या कुत्र्यासाठी गावात शिरतो.

मांजराचे थोडक्यात सांगतो. दाण्याच्या कोठीपाशी ते हवेच, पण मांजर आणले त्या दिवसापासून घरात उंदराचे औषध ठेवू नका. विषाने मेलेला उंदीर खाल्ला तर मांजरही जाते. नुसत्या दुधावर त्याचे भागत नाही. पाण्याचे भांडे वेगळे ठेवा, आणि पिसाळण्याची लस त्यालाही लागते, म्हणून कुत्र्याला न्याल तेव्हा त्यालाही पोत्यात न कोंबता टोपलीत घालून न्या.