भाचीच्या रिपोर्टवरचा आकडा

आज कोडिंग नाही, पगार नाही, जॉब स्विच नाही. आज एका ब्लड रिपोर्टबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक आहे, सर्व्हरचे अलर्ट बघणं हे माझं काम. त्यामुळे उपचाराचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका.

गेल्या डिसेंबरात माझ्या ताईची डिलिव्हरी परभणीत झाली, २९ आठवड्यांत. आमच्या आजीच्या भाषेत सातव्या महिन्यातलं लेकरू. वजन १ किलो १५० ग्रॅम. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पोचलो तेव्हा भाची काचेच्या पेटीत होती. नाकाला श्वासाची नळी, डोक्यावर मोज्याएवढी टोपी.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसेच थांबले. म्हणाले, "हृदयाचा आवाज थोडा वेगळा येतोय. नळी उघडी असावी. इको करू." पण एवढ्या लहान लेकराचा इको करणारे डॉक्टर बाहेरगावाहून येतात आणि त्यांचा वार दोन दिवसांनी होता. नांदेड ७०-७५ किलोमीटर, संभाजीनगर दोनशेच्या आसपास. सव्वा किलोसुद्धा नसलेलं लेकरू अॅम्ब्युलन्समध्ये घालून न्यायचं म्हणजे तो प्रवासच एक आजारपण. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" आपण हसत हसत म्हणतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

आता ही नळी काय भानगड आहे? पोटात असताना बाळ फुप्फुसं वापरत नाही, ऑक्सिजन आईकडून वारेतून येतो. म्हणून फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी यांच्यामध्ये एक बायपास रोड असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर दोन-तीन दिवसांत तो आपोआप बंद होतो. लवकर जन्मलेल्यांत पुष्कळदा उघडाच राहतो. मग रक्त उलटं फुप्फुसांत शिरतं. तिकडे पूर, आणि आतडी, किडनी यांना तुटवडा. डॉक्टर याला पीडीए म्हणतात.

हृदयाला जास्त काम पडलं की त्याचा स्नायू ताणला जातो, आणि ताणलेला स्नायू रक्तात एक प्रथिन सोडतो. त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, तो काही मिनिटांत कमी व्हायला लागतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी, तो जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोपा. गंमत म्हणजे बीएनपीमधला 'बी' ब्रेनचा आहे. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना तो आधी डुकराच्या मेंदूत सापडला. नंतर कळलं की मुख्य कारखाना हृदयात आहे, पण नाव तेच राहिलं. आमच्याकडे जुन्या व्हेरिएबलची नावं अशीच राहतात.

तर डॉक्टरांनी इकोची वाट बघताना ही तपासणी सांगितली. रक्त किती काढलं ते सिस्टरनी कागदावर टिपून ठेवलं. मला वाटलं, एवढं काय त्यात? एवढ्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम १००-११० मिलिलिटर रक्त असतं, कटिंगच्या ग्लासात मावेल इतकं. २ मिलिलिटर काढलं की जवळपास २ टक्के गेलं. तपासणी 'साधी' आहे हे आपल्यासाठी.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. ६,१८० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. बाजूला ठळक अक्षरात: सामान्य १२५ पेक्षा कमी. मी लगेच भागाकार केला. ४९ पट! गूगल केलं तर पहिल्याच ओळीत हार्ट फेल्युअर. आजी विचारतेय, "काय सांगू लागले डॉक्टर?" आणि दाजी संभाजीनगरच्या अॅम्ब्युलन्सवाल्याशी भाव ठरवायला लागले होते.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. "इंजिनिअर साहेब, ते १२५ तुमच्यासाठी आहे. हिच्यासाठी नाही."

मशीननं छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळातसुद्धा पहिल्या दोन दिवसांत हा आकडा तीन हजारांच्या आसपास सहज असतो, कधी बराच वर. मग तो दिवसागणिक उतरतो. लवकर जन्मलेल्यांत आणखी चढा असू शकतो. म्हणजे बाळ किती आठवड्यांचं आणि आज कितवा दिवस, हे माहीत नसेल तर ६,१८० ला अर्थच नाही. मी रोज थ्रेशोल्ड सेट करतो, आणि एका सर्व्हरचा थ्रेशोल्ड दुसऱ्याला लावून घाबरून बसलो होतो.

त्याच संध्याकाळी शेजारच्या पेटीतल्या बाळाचा रिपोर्ट आला. आकडा नव्हताच, '३५,००० पेक्षा जास्त' एवढंच. मशीनची पट्टी संपली होती. त्याचा श्वासही बिघडत चालला होता. डॉक्टरांनी तासाभरात त्याला हलवलं. अॅम्ब्युलन्स तीच, दाजींनी विचारलेली. त्या बाळाचं पुढं काय झालं, आम्हाला कळलं नाही.

ही तपासणी नळी दाखवत नाही, ते काम इकोचंच. इन्फेक्शन झालं, किडनी कच्ची असली तरी आकडा चढतो. तिचा उपयोग एवढाच की कुणाला आज हलवायचं आणि कुणाला दोन दिवस इथंच सांभाळता येईल, हे ठरवायला आणखी एक पुरावा मिळतो. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली, आणि प्रत्येक गावात लहान लेकरांचा इको करणारा डॉक्टर नाही.

मी विचारलं, नळी उघडी असेल तर आत्ताच औषध का नाही? औषधं आहेत, आयब्युप्रोफेन आहे. २०११ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी साध्या पॅरासिटॅमॉलनं नळी बंद झाल्याचं मांडलं, तेव्हापासून तेही वापरतात. पण २०२३ आणि २०२४ मधल्या युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, लवकर आयब्युप्रोफेन दिल्यानं बाळांचा फायदा दिसला नाही. म्हणून आता नळी उघडी आहे का, एवढ्यावर थांबत नाहीत. तिचा बाळाला त्रास होतोय का, हेही बघतात. भाचीचा श्वास स्थिर होता, लघवी नीट होती, दूध पचत होतं. डॉक्टर म्हणाले, थांबू.

थांबणं फार अवघड असतं हो. ताई दोन रात्री पेटीशेजारच्या स्टुलावर बसून होती. मी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत होतो, ९१, ९३, ९०, ९२, जणू मी बघितल्यानं तो टिकणार होता.

सहाव्या दिवशी इको झाला. नळी होती, पण बारीक, आणि बंद होत चाललेली. पुन्हा तपासणी केली, २,४००. औषध लागलं नाही. पुढच्या इकोत नळी बंद. भाची ४७ दिवसांनी घरी आली. आता ती माझा चष्मा ओढते.

त्या दुसऱ्या रिपोर्टवरही बाजूला तेच होतं, सामान्य १२५ पेक्षा कमी, ठळक अक्षरात. मी त्याच्याखाली पेनानं लिहिलं: २९ आठवडे, सहावा दिवस, आधी ६,१८०. आणि आजीला पीडीएफ दाखवलीच नाही.