स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि निरनिराळ्या बँकांतून आलेल्या कर्ज-विश्लेषक बंधू-भगिनींनो,

गिरगावात तुमचे मनःपूर्वक स्वागत. मी कापडाचा व्यापारी, म्हणजे तुमच्या टेबलापलीकडच्या खुर्चीतला माणूस. रेशोंवर बोलण्याचा मला अधिकार नाही. गिरगावावर मात्र चिठ्ठी येईपर्यंत बोलेन.

हे नाना शंकरशेटांचे गिरगाव. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताची वाडी, मुगभाट, फणसवाडी... प्रत्येक वाडीला एकेक भाषण हवे!

पण आज नाव घ्यायचे आहे राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे. ताडदेवची तालमकीवाडी कुणीही दाखवील. तालमकी कोण, हे किती जण सांगतील? १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि २७ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने मुंबईत पतसंस्था काढली. आजची एसव्हीसी बँक ती हीच. १९१५ मध्ये इथे जवळच, गावदेवीत, सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

संमेलनाशी याचा संबंध काय? त्या पतसंस्थेच्या, एकाच समाजातल्या सभासदांना कर्जदाराचे घरदार ठाऊक असे. उलट, कापसाच्या तेजीत बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन सढळ कर्जे दिली. ज्यामुळे ही तेजी आली ते अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. तारण होते, पण कागदावर! व्यापारी म्हणून सांगतो, ३१ मार्चचा ताळेबंद सजवता येतो. स्टॉक स्टेटमेंट हातात घेऊन न कळवता गोदामात येतो, त्या अधिकाऱ्याला मात्र आम्ही वचकून असतो. तेवढे येत जा.

आता क्षमायाचना. गाड्या लावायला जागा नाही. गिरगावात ती कधीच नव्हती. निवासाची सोय शाळेच्या वर्गांत केली आहे, बाके जरा ठेंगणी आहेत. मागचे दोन पंखे आवाज फार करतात, वारा कमी देतात. जेवणात तिखट जास्त वाटल्यास ताक मागून घ्यावे.

सराफांनी मंडपाचा, छापखान्याने पुस्तिकेचा खर्च उचलला. महिला मंडळाने पहाटेपासून कोथिंबीरवड्या तळल्या. चाळीतल्या मुलांनी सतरंज्या वाहिल्या. सर्वांचे आभार. पुस्तिकेत कुणा देणगीदाराचे नाव राहिले असल्यास रोष माझ्यावर धरावा, पुढची देणगी मात्र थांबवू नये.

चिठ्ठी आली आहे. संमेलनाध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.