डब्यावरचा आकडा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आयटीवर बोलायला सांगितलंय. पण सकाळपासून आपण बोलतोय ते मुलांबद्दलच. "पोरगा जिमला जातो, व्यसन काही नाही," हे समाधानाचं वाक्य आज चार जणांकडून ऐकलं. तळवड्यात, चिखलीत गल्लोगल्ली जिम झाल्यात. व्यायामाला माझी हरकत नाही. बोलायचंय ते डब्याबद्दल.

पावडरीतलं प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशेब मांडतात. मग स्वस्तातलं ग्लायसिन मिसळलं की आकडा फुगतो, प्रोटीन तेवढंच राहतं. चाचणी पास, माल नापास! आमच्या धंद्यात हे ओळखीचं आहे. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं ते याच पळवाटेने. तिथे तान्ही मुलं दगावली. आपल्याकडे केरळच्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या, २०२४ मध्ये ते छापून आलं. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. काहींत निम्मंच प्रोटीन, काहींत बुरशीचं विष.

आणि गरज किती? आयसीएमआरच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या मुलाला दिवसाला पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, पण डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आपल्या घरात आहेतच की.

डबा तरी परवडला. पुढची पायरी इंजेक्शनची. मेफेन्टरमाइन हे भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्याचं औषध. पोरं ते दम टिकावा म्हणून टोचून घेतात. पुणे, पिंपरी-चिंचवड भागात ते विकणारे पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. रक्तदाब चढतो, ठोके बिघडतात, आणि त्याची सवय लागते. म्हणजे 'व्यसन नाही' हेही खरं उरत नाही.

स्टेरॉइडचं वेगळंच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. हृदयाचा स्नायू जाड होतो. दंड सगळ्यांना दिसतात, हे कुणाला दिसत नाही. बंद केल्यावरही कित्येक महिने उदासी राहू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं.

घरी गेल्यावर लगेच भांडू नका. भांडलात तर बाटली नुसती जागा बदलेल. डबा बघायला मागा, ट्रेनरने काय दिलंय ते विचारा. डॉक्टरांकडे जाताना डबा, बाटली, सिरिंज सगळं पिशवीत घालून न्या. पोरगं नाव सांगायला लाजतं, पण लेबल डॉक्टरांना वाचता येतं.